आधी वजन, मग पाऊल

बोईसरला आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर रोज सकाळी सहा वाजता पंचवीस-तीस माणसं ओळींत उभी राहतात, संथपणे हात हलवतात आणि मध्येच एका क्षणी सगळीजण मिळून उजव्या तर्जनीने नाकावरचा चष्मा वर सरकवतात. यातल्या निम्म्यांना चष्माच नाही. नवा माणूसही दोन-चार दिवसांत न विचारता तेच करू लागतो. ताई ची नावाचा हा चिनी व्यायाम जगात ठिकठिकाणी चालतो म्हणे, पण त्यातला चष्मा फक्त आमच्याकडे आहे. तो भालूकाकांनी आणला. काकांना इथून जाऊन आता वर्ष होईल.

भालचंद्र राऊत, राहणार नवापूर. घरची नारळ-चिकूची लहानशी वाडी, आणि तारापूरच्या एका कापड कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळण्याची नोकरी. बुटका, काटक माणूस. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, आणि सायकलच्या कॅरियरला अडकवलेली एक लांबट वही. नवापूरहून सायकल मारत ते पावणेसहाला मैदानावर हजर असत. सर म्हटलं की त्यांना राग येई आणि गुरुजी म्हटलं की हसू येई, म्हणून सगळे काकाच म्हणत.

त्यांना हे शिकवलं लिनसाहेबांनी. कारखान्यात कापड ताणून सुकवायचं चिनी मशीन आलं, ते बसवायला लिनसाहेब आले आणि चार महिने राहिले. पहाटे ते बॉयलरच्या मागच्या मोकळ्या जागेत व्यायाम करत, कारण तिथे ऊब असे. काकांची पाळी तेव्हा संपत आलेली असायची. एक दिवस काका त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि ते करतील तसं करू लागले. लिनसाहेबांना हिंदी येत नव्हती आणि काकांचं इंग्रजी ‘प्रेशर ओके’च्या पुढे जात नव्हतं. चार महिन्यांत एक शब्द न बोलता, नुसतं पाठीकडे बघून काकांनी सगळं उचललं. हालचालींची चिनी नावं कळलीच नाहीत, म्हणून त्यांनी आपली ठेवली. एकीचं नाव व्हॉल्व्ह, एकीचं जाळं, एकीचं दार लोटा, आणि दोन्ही हात अलगद वर जाऊन खाली येतात त्या हालचालीचं चिकू.

चष्म्याची गोष्ट फार उशिरा उघडकीला आली. आमच्यातला रामआशिष, यंत्रमागावर फिटर, पाळी संपवून थेट मैदानावर यायचा. त्याने एकदा मोबाईलवर कुठल्याशा चिनी बागेतला व्हिडिओ शोधून आणला आणि सगळ्यांनी डोकी घालून तो पाहिला. त्यात व्हॉल्व्ह होता, जाळं होतं, चष्मा कुठेच नव्हता. काकांनी तो तीनदा पाहिला. मग ते मैदानावर मटकन बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“अरे, लिनसायबाला घाम यायचा! चष्मा घसरायचा त्याचा! आन मी बारा वर्षं...”

“अब निकाल दें क्या, काका?” रामआशिषने विचारलं.

“नाय रे. राहू दे. तेवढाच तो माणूस उरलाय आपल्याकडं.”

मी या वर्गात हौसेने आले नाही. माझा नवरा शशिकांत तारापूरला रसायनांच्या कारखान्यात असतो. एका दुपारी त्यांच्या शेजारच्या कारखान्यात स्फोट झाला. मी तेव्हा पालघरला ऑफिसात होते, आणि शशीचा फोन लागायला पावणेदोन तास लागले. त्याला काहीही झालं नव्हतं. पण ते पावणेदोन तास माझ्या छातीतून गेलेच नाहीत. वास आला, भोंगा वाजला, अवेळी दाराची बेल वाजली, की हात गार पडायचे आणि श्वास वरच्या वर अडकायचा. डॉक्टरांनी तपासलं, हृदय ठणठणीत आहे म्हणाले आणि मन शांत ठेवा म्हणाले. मन डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवता आलं असतं तर मी ठेवलंच असतं. शेवटी शेजारच्या शैलावहिनींनी मला हाताला धरून मैदानावर नेलं.

काका लिनसाहेबांसारखेच आमच्याकडे पाठ करून उभे राहत. समजावणं वगैरे नाही. बघा आन करा, एवढंच. पहिल्या दिवशी मी शेवटच्या ओळीत होते. निम्म्यात, मागे न वळता ते म्हणाले, “नवीन पोरी, श्वास धरलायस. सोड.”

मी चपापले. नंतर विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

“बत्तीस वर्षं बॉयलरकडं पाठ करून डबा खाल्लाय. मागं काय चाललंय ते ऐकू येतं.”

एकच गोष्ट ते तोंडाने शिकवत: आधी वजन, मग पाऊल. “ज्या पायावर उभी हायस तोच उचलायला जातेस, म्हणून डगमगतेस. वजन पयलं दुसऱ्या पायाला दे. मग रिकामा पाय आपसूक येतो.” मी हे महिनाभर ऐकलं आणि मग एक दिवस खरोखर तसं झालं. त्या दिवशी ऑफिसातून मी शशीला एकदाही फोन केला नाही. त्यानेच संध्याकाळी घाबरून मला केला.

पण मला खरा आधार काकांच्या नाकाचा होता. बोईसरला सकाळी हवेत काहीतरी असतंच. कधी आंबट, कधी जळका, कधी कुजका. माझा श्वास लगेच अडकायचा. काका हुंगायचे, झाडांच्या शेंड्यांकडे बघायचे आणि सांगायचे, “आंबट हाय. लांबचा. वारा समुद्रावरनं फिरतोय, दहा मिनिटांत जाईल.” दहा मिनिटांत तो जायचा. मग ते कॅरियरवरची वही काढून लिहीत. बॉयलरवर दर तासाला नोंद करायची सवय त्यांची सुटली नव्हती. तारीख, वारा, वास, हजेरी. टपोरं, गोल अक्षर.

वर्गात माझी थट्टा व्हायची. सुलभाताईंना भोंगा वाजायच्या आधीच ऐकू येतो, असं शैलावहिनी म्हणायच्या आणि सगळे हसायचे, मीही हसायचे. एकदा मात्र काका हसले नाहीत.

“तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह जरा लवकर उचलतो, इतकंच,” ते म्हणाले. “तो जुळवून घेता येतो. दाब वाढला तरी जो उचलतच नाय, त्याला भ्यायचं.”

आणि मग त्यांनी काचेची गोष्ट सांगितली. बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. त्यांच्या उमेदवारीच्या काळात एक जुना अटेंडंट पाळीभर त्या काचेकडे बघून खुशाल होता, कारण काच अर्धी भरलेली होती. नळीचं तोंड क्षाराने बुजलं होतं. आतलं पाणी केव्हाच खाली गेलं होतं आणि काचेत कालचं पाणी उभं होतं. कुणीतरी वेळेवर भट्टीतली आग बाहेर ओढली म्हणून निभावलं, नाहीतर बॉयलर फुटला असता. “काच नुसती बघायची नाय,” काका म्हणाले. “दर पाळीला उघडून धुवायची, आन परत भरते का ते बघायचं. अडकलेलं पाणीबी पाण्यासारखंच दिसतं.”

त्या थंडीत एका सकाळी असा वास आला की त्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. वारा ठप्प होता. ओढण्या, रुमाल, जे हाती लागेल ते लोकांनी नाकाला लावलं. दोघं घरी पळाले. काका पुढे उभे होते आणि त्यांचे हात तसेच वर जात होते, तसेच खाली येत होते, चिकू. चेहऱ्यावर आठीसुद्धा नव्हती. बरेच दिवस त्यांनी वासाचं काही म्हटलं नव्हतं, तरी मी त्यांच्या तोंडून ‘लांबचा हाय’ ऐकायची वाट बघत होते. ते काहीच म्हणाले नाहीत. संपल्यावर शैलावहिनी हात जोडून म्हणाल्या, “याला म्हणतात साधना. एवढा वास, पण शिवला नाही माणसाला.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र बरं वाटलं नाही. का, ते सांगता येत नव्हतं.

आठवड्याने काका सायकलला पंप मारत होते आणि त्यांनी वही मला धरायला दिली. मी ती उघडायला नको होती. मी उघडली. त्या सकाळची नोंद शोधली. वारा: पडलेला. वास: नाही. हजेरी: बावीस.

मागची पानं चाळली. दोन महिने मागे, तीन महिने मागे. वास: नाही. वास: नाही. वास: नाही. त्याच्याही मागे गेलं की आंबट, जळका, लांबचा, जवळचा हे शब्द सुरू होत होते. आणि अक्षर. जुन्या पानांवरचं गोल टपोरं अक्षर नव्या पानांवर बारीक होत गेलं होतं, ओळीच्या शेवटी तर मुंग्यांएवढं. मी वही मिटून परत दिली आणि काहीच बोलले नाही.

न बोलण्याचं कारण सांगते. मला सगळीकडेच धोका दिसतो. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मला स्फोट दिसतो. अशा बाईने वयस्क माणसाला जाऊन काय सांगायचं, की तुमचं अक्षर लहान झालंय? शशीला सांगितलं तर तो म्हणाला, “झालं तुझं सुरू.” शैलावहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सर्दी असेल. मी स्वतःलाच गप्प केलं.

पुढच्या महिन्यात काका सायकलऐवजी रिक्षाने येऊ लागले. आणि हालचाल संथ झाली. ती आधीच संथ होती, आता आणखी. डावा हात पूर्वीसारखा मोकळा झुलेनासा झाला. आणि एक नवी गोष्ट आली. ‘दार लोटा’च्या आधी, डावं पाऊल टाकायच्या वेळी, काका थांबत. एक श्वास, दोन श्वास, कधी तीन. मग एकदम पाऊल पडे.

मागचे पंचवीस जण थांबत. तितकेच श्वास. मग पाऊल टाकत.

कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आम्हाला शिकवलंच तसं होतं: बघा आन करा. शैलावहिनी त्या थांबण्याबद्दल हळव्या होऊन बोलत. रामआशिषला ते फार आवडे. “इस जगह पे दिमाग एकदम खाली हो जाता है,” म्हणायचा. लोक तो विराम घरी सराव करून बिनचूक बसवत होते. आणि मी त्यांच्यात उभी राहून काकांच्या डाव्या टाचेकडे बघत होते. ती थरथरत होती, जमिनीला चिकटल्यासारखी. त्या माणसाला पाऊल टाकायचं होतं आणि ते पडत नव्हतं. तरीही मी तीन आठवडे गप्प बसले. त्या तीन आठवड्यांची मला आजही लाज वाटते.

एका रविवारी मी नवापूरला त्यांच्या घरी गेले. काकी ओटीवर नारळ सोलत होत्या. काका आरामखुर्चीत बसले होते. मी जे काही ठरवून गेले होते ते सगळं विसरले आणि रडत रडत, उलटसुलट, वास, वही, टाच, सायकल असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

काका खुर्चीत जरा पुढे सरकले. मग म्हणाले, “त्या दिवशी वास होता?”

“होता, काका. डोळे जळत होते सगळ्यांचे.”

“मला वाटलं, कंपन्या सुधारल्या.”

काकी हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. “मी सांगत होते यांना, डाळ लागली, वास येत नाय का?” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, ध्यान नाय माझ्याकडं.”

काकांनी आपला डावा हात उचलून समोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला. “काच धुतलीच नाय मी,” ते म्हणाले. “बत्तीस वर्षं दर पाळीला धुतली, आन आपली नाय धुतली.” मग माझ्याकडे बघून, जरा कडक आवाजात, “आन तुला कवापासून ठाऊक होतं?”

मी खरं सांगितलं.

“उचलला होता ना तुझा व्हॉल्व्ह? मग दाबून कशाला धरलास?” एवढंच म्हणाले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. हात थरथरत नव्हते म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. वास येणं मात्र कधी कधी फार आधी बंद होतं, मग अक्षर बारीक होतं, पाऊल अडकतं, असं ते म्हणाले. तुमचा तो चिनी व्यायाम अजिबात सोडू नका, असंही म्हणाले. काकांना त्याचा अभिमान वाटला. परत आल्यावर ते पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

“दार लोटायच्या आधी तुमी जे थांबता ना, ते काढून टाका. ते माझं नाय, आजाराचं हाय.”

कुणाला कुठे बघावं कळेना. ज्यांनी तो विराम घरी घोटून बसवला होता ते सगळे मान खाली घालून उभे होते. शैलावहिनींना हुंदका आवरेना. शेवटी रामआशिष म्हणाला, “काका, लिनसाहब का चश्मा रखा है, तो आपका रुकना भी रहने दो. हम साथ में रुकेंगे.”

मला वाटलं काका विरघळतील. ते भडकले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “चष्मा ठेवा. चष्म्यानं कुणी पडत नाय. हे ठेवलंत तर तुमचे पाय अडकायला शिकतील. मी थांबलो तरी तुमी थांबायचं नाय. कुणीच नाय.”

मग त्यांनी मला बोट दाखवून पुढे बोलावलं आणि स्वतः मागच्या ओळीत जाऊन उभे राहिले.

माझ्या आयुष्यात त्यानंतरच्या दिवसांइतके भीतीचे दिवस दुसरे नाहीत. स्फोटाच्या दुपारी फोन लागत नव्हता, पण मी निदान फोन करत तरी होते. इथे पाठ करून उभं राहायचं. काका पंचवीस माणसांच्या मागे कुठेतरी उभे आहेत, त्यांचा पाय अडकलाय का, तोल गेलाय का, काही दिसायचं नाही. वळायला सक्त मनाई होती. पहिल्या आठवड्यात मी दोनदा वळले आणि दोन्ही वेळा मागून आवाज आला, “पुढं बघ, सुलू.” हळूहळू मला कळायला लागलं, की ऐकू येतं. काकांच्या डाव्या पायातली चप्पल घासल्याचा आवाज वेगळा होता. तो आला नाही तरीही हात पुढे न्यायचे, पाऊल टाकायचं, सगळ्यांना घेऊन पुढे जायचं. मग कधीतरी, आम्ही ‘जाळ्या’पर्यंत पोचल्यावर, मागे तो आवाज यायचा. संपल्यावर ते वही उघडून विचारायचे, “आज कसला?” आणि मी हुंगून सांगितलेला वास ते मुंग्यांच्या अक्षरात लिहायचे. मला वासाची भीती वाटेनाशी कधी झाली ते मला नेमकं आठवत नाही. सांगायचं काम अंगावर आलं, मग घाबरायला सवड राहिली नसावी.

दीड वर्षाने काकी अंथरुणाला खिळल्या आणि मुलीने दोघांना वडोदऱ्याला न्यायचं ठरवलं. वाडी दुसऱ्याला करायला दिली. निघायच्या दिवशी सकाळी काका मुलीला गाडी वळवायला लावून मैदानावर आले. वर्ग झाला. ते शेवटच्या ओळीत होते. नंतर त्यांनी वही माझ्या हातात ठेवली आणि सगळ्यांचा निरोप घेतला. कुणी पाया पडायला लागलं की ओरडत होते.

मैदानाला एक लहान लोखंडी फाटक आहे, त्याखाली उंबऱ्यासारखी पट्टी. गाडी फाटकाबाहेर उभी होती, मुलगी दार उघडून थांबली होती. काका फाटकापर्यंत नीट चालत गेले आणि त्या पट्टीशी अडकले.

एक श्वास, दोन, तीन. टाच थरथरत होती. मुलगी “बाबा, चला ना” म्हणत हात धरायला पुढे आली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. चार, पाच. मैदानावर कुणी हलत नव्हतं. त्यांचं ऐकायचं म्हणून कुणी जवळही जात नव्हतं. त्यांच्यामागे सगळ्यात जवळ मी होते, वही छातीशी धरून. मला धावत जाऊन त्यांना कवेत धरावंसं वाटत होतं.

मी म्हटलं, “काका, आधी वजन.”

पाठ जराशी हलली. सगळं अंग उजव्या पायावर सावकाश गेलं, जसं ते लिनसाहेबांच्या मागे पहिल्यांदा गेलं असेल.

“मग पाऊल.”

डावा पाय उचलला, पट्टीच्या पलीकडे पडला. त्यामागून उजवा. ते गाडीपर्यंत गेले, दाराला हात लावला. वळले नाहीत. वळायला त्यांना फार वेळ लागायचा.

“श्वास धरलायस, सुलू,” ते पाठमोरेच म्हणाले. “सोड आता.”